खिळ्यांचे की बिनखिळ्यांचे

टायरच्या रबरात बसवलेला खिळा बोटाला टोचला नाही, नुसता जाणवला – गार, बारीक, मांजरीच्या पिल्लाच्या दातासारखा – आणि गुनवोर तो पुन्हा पुन्हा चाचपत राहिली, कारण बोट काढलं की काहीतरी ठरवावं लागणार होतं. हिवाळ्याचे टायर आजवर तिचा नवरा सिक्स्टन निवडत असे आणि ती मशीनची कॉफी पीत कोपऱ्यात बसे. पण या शरदात ओस्टरसुंद शहरातल्या डॉक्टरांनी त्याचे डोळे तपासले आणि गाडी चालवणं बंद म्हणून सांगितलं. तेव्हापासून ती लांबलचक, जहाजासारखी सेडान गुनवोर चालवते आणि सिक्स्टन शेजारी बसून पायाखाली नसलेला ब्रेक दाबतो. आज तो कॉफीच्या मशीनपाशी पाठ फिरवून बसला होता. “चालवणार तू, तर निवड तूच,” म्हणाला होता – अगदी गोड आवाजात, म्हणजे चांगलाच फुगून.

“गाडी जड आहे,” दुकानदार होल्गर सांगत होता, “तेव्हा वजन पेलणारेच देतो. रुंदी जरा कमी ठेवू, म्हणजे बर्फ कापून खाली नीट पकड घेतील. आता खिळ्यांचे की बिनखिळ्यांचे, तेवढं सांगा. गावातल्या गावात फिरणार असाल तर हे मऊ रबराचे पुरतील. आवाज नाही. दिवाणखान्यात बसल्यासारखं बोलत जा दोघं.”

बोलत जा... म्हणजे सिक्स्टनचं ‘हळू’, ‘डावीकडे बघ’, ‘सायकलवाला’ – सगळं स्वच्छ ऐकू येणार, मार्च संपेपर्यंत. त्यापेक्षा खिळ्यांची ती घरघर बरी. निम्म्या सूचना तीच दळून टाकेल. ठरलं तर, खिळ्यांचेच... पण घरघर म्हटल्यावर तिला आणखी काही आठवलं आणि तिनं बोट टायरवरून उचललं.

सगळे हिवाळे ती त्या शेजारच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत बोलत आली होती. त्याच्याशी नव्हे – त्या घरघरीशी, जिच्यात तिचं बोलणं विरून जायचं. सासूबाईंच्या माशाच्या रश्शाला खळीची चव येते. स्वयंपाकघर हिरवं हवं होतं. तुझा भाऊ फोल्के तुझ्यापेक्षा चांगला नाचतो. एकदा मी बॅग भरून बसथांब्यापर्यंत गेले होते, थंडी फार होती म्हणून परत आले... आणि सिक्स्टन रस्त्यावरची नजर न काढता म्हणायचा, “हं.” किती हलकं वाटायचं! मग वसंतात टायर बदलले की गाडी शांत, आणि बोलणं बटाट्यांच्या लावणीवर.

ती त्याच्यापाशी गेली. “होल्गर म्हणतो, बिनखिळ्यांचे चालतील.”

“तो म्हणेलच. तुझं काय?”

“तळ्याकाठचा उतार आहे ना... तिथं बर्फावर पाणी साचतं. मला भीती वाटते.” हेही खरंच होतं.

“मग खिळ्यांचे घे.” त्यानं कपातली कॉफी ढवळली. “शिवाय त्या घरघरीतच काय ती तू बोलतेस. उन्हाळ्यात तुझ्या तोंडून शब्द फुटत नाही.”

“तुला ऐकू यायचं?”

“डोळे गेलेत माझे. कान कधी गेले?”

“सगळं?”

“हं,” सिक्स्टन म्हणाला.

तोच तो ‘हं’. ती शेजारच्या खुर्चीत बसली. स्वयंपाकघर एका मे महिन्यात त्यानं आपणहून हिरवं रंगवलं होतं – रंग स्वस्तात मिळाला म्हणाला होता, आणि मी विश्वास ठेवला. फोल्केला मिडसमरच्या सणाच्या जेवणाला बोलावणं कधी बंद झालं?... आणि दर हिवाळ्यात माझ्यासाठी नवा, आधीपेक्षा जाड कोट. बसथांब्यावर थंडी वाजू नये म्हणून? देवा, तो कोट.

“काय ठरलं?” होल्गरनं टेबलापलीकडून विचारलं.

“थांब जरा,” सिक्स्टन म्हणाला, “ती विचार करतेय.”

ती विचारच करत होती, पण टायरचा नव्हे. तिला राग यायला हवा होता. तो येतही होता, पण वाटेत हसू आडवं येत होतं. इतकी वर्षं नुसतं ‘हं’ म्हणणाऱ्या या माणसाच्या पोटात काय काय साठलं असेल... आता तो बाजूच्या सीटवर आला आहे, खिडकी त्याच्याकडे आहे. तो बोलायला लागला तर? तिनं त्याच्या हातातला कप घेतला, एक घोट प्यायली, आणि आपल्याला ते ऐकायचं आहे की नाही, हे तिला काही केल्या ठरवता येईना.