बांधाखालचा मेहुणा

मर्ल हॉस्टेटरच्या बापाने बुलडोझर भाड्याने आणून कुरणातल्या ओढ्यावर मातीचा बांध घातला, त्याला सत्तर वर्षं झाली. सरकारी दफ्तरात त्याची नोंद ‘कमी धोका’ अशी. खाली गायीच चरत, आणि गायींना दफ्तरात कोण विचारतो! मर्ल रोज संध्याकाळी बांधामागे साठलेल्या तळ्यात गळ टाकून बसे. तळं गेलं तर आपल्या जगण्यात राम नाही, असं तो चारचौघांत सांगे.

म्हणूनच धरण खात्याच्या टॅकेटबाई तपासणीला येणार म्हटल्यावर तो धास्तावला. अकरा वर्षांपूर्वी बायकोचा भाऊ विल्बर राहायला आला, तेव्हा मर्लने त्याला घरात घ्यायला साफ नकार दिला होता. विल्बर दिवसभर बोलतो, झोपेतही बोलतो. शेवटी तडजोड म्हणून त्याचं चाकांवरचं घर बांधाखाली, ओढ्याकाठी नेऊन ठेवलं. सावली चांगली, आणि मुख्य म्हणजे आवाज वर येत नाही. पुढे बायको वारली, विल्बर तिथेच राहिला.

आता खाली माणूस राहतो हे कळलं की बांध थेट ‘जास्त धोका’ या वर्गात जाणार. मग एकतर मर्लच्या सात पिढ्यांना न झेपणारं नवं बांधकाम, नाहीतर बांध फोडून तळं रिकामं.

“बाई जाईपर्यंत बाहेर पडायचं नाही,” मर्लने सकाळीच बजावलं. “आणि तोंड बंद!”

“दाजी, मी दगड. दगड समजा मला.”

टॅकेटबाई आल्या त्या सरळ बांधावर चढल्या. जादा पाणी वाहून नेणाऱ्या पाइपाच्या तोंडावर कोंबड्यांची जाळी बसवलेली.

“हे काय?”

“मासे पळून जातात ना, बाई.”

“अहो, जाळीत पालापाचोळा अडकला की पाणी बांधावरून जाईल. मग मासे जातील आणि बांधही जाईल. काढा आधी!”

मर्लने जाळी काढली. तोवर बाईंची नजर खाली गेली होती.

“आणि ते?”

“खुराडं आहे. कोंबड्यांचं.”

“खुराड्यावर टीव्हीची तबकडी?”

“कोंबड्यांना... करमत नाही.”

“आणि दोरीवर त्या लांब चड्ड्या कुणाच्या?”

मर्ल घाम पुसत असतानाच खालचं दार उघडलं. अर्धा तास गप्प बसणं विल्बरच्या ताकदीबाहेरचं होतं. आंघोळीच्या झग्यात, हातात मग घेऊन तो ओरडला, “बाई, कॉफी घेता का? दाजी म्हणाले बाहेर येऊ नकोस, पण पाहुण्याला विचारायला नको का?”

बाईंनी कागदावर लिहिलं: जास्त धोका.

“अहो, बांध लोखंडासारखा आहे!” मर्ल कळवळला.

“असू द्या. वर्ग बांधाच्या बळावर ठरत नाही. तो फुटला तर खाली कोण मरेल, यावर ठरतो.”

विल्बर चढून वर आला. “म्हणजे हे माझ्यामुळे? एकट्या माझ्यामुळे?”

“एक माणूस पुरे असतो.”

“दाजी, ऐकलंत? एक माणूस पुरे असतो!” विल्बरचा चेहरा असा फुलला, की मर्लला त्याच्याकडे बघवेना. अकरा वर्षं जोराचा पाऊस आला की मर्ल धावत बांधावर यायचा, मासे आहेत ना बघायला. खाली एकदाही त्याने वाकून पाहिलं नव्हतं. त्याला स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

“बाई,” तो म्हणाला, “हे घर हलवलं तर?”

“कायमचं हलवलंत तर वर्ग पुन्हा कमी. मी स्वतः येऊन बघेन.”

दुपारीच मर्लने ट्रॅक्टर जोडला. टेकडीवर सपाट जागा एकच होती, मर्लच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता खिडकीवर टकटक झाली. “दाजी, उठलात का? बांधाखालचा धोका गेला की हो!”

“गेला कुठे? खिडकीशी येऊन बसलाय,” मर्ल म्हणाला, आणि त्याने फडताळातून दुसरा मग काढला.