थ्री नॉट थ्रीची खंडेनवमी

रायफल ज्या क्रमाने खोलतात, त्याच्या बरोबर उलट क्रमाने जोडतात. हे वाक्य कुमुदिनीबाईंनी सांगलीच्या मुलींच्या कॉलेजात बावीस वर्षं पोरींकडून घोकून घेतलं. एरवी त्या भूगोल शिकवायच्या. पण रविवारी एन.सी.सी.च्या लेफ्टनंटची खाकी अंगावर चढली की नद्या-पर्वत गुंडाळून ठेवायच्या आणि मैदानात सतरंजी टाकून थ्री नॉट थ्री खोलून मांडायच्या. त्यांची ही गोष्टही तशीच आहे. आधी खोलू, मग जोडू. शेवटी एखादा स्क्रू उरला तर घाबरू नका. जोडणाऱ्याकडे तो नेहमीच उरतो.

खोलणे

पट्टा

२०१४ च्या सप्टेंबरात त्या लेकीकडे, चारुताकडे, तीन महिन्यांसाठी आल्या. आइंडहोवनच्या दक्षिणेला आल्स्त नावाचं डच गाव. चारुता चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत, जावई विराज त्याच यंत्रांमागे तैवानला गेलेला. दिवसभर घरात कुमुदिनीबाई आणि डिशवॉशर. डिशवॉशर बोलका होता, पण एकच विषय धरून बसायचा.

चौथ्या दिवशी खिडकीतून शेजारची कपड्यांची दोरी दिसली. दोन बनियन, एक टेबलक्लॉथ, आणि मधोमध खाकी सुती पट्टा, दोन्ही टोकांना पितळ. तो पट्टा ओळखायला बाईंना चष्म्याची गरज नव्हती. त्या स्लिपरवरच कुंपणापाशी गेल्या. पलीकडे अठ्ठ्याहत्तर वर्षांचा एक उंच म्हातारा तोंडात चिमटा धरून उभा होता. बाईंनी एक शब्द न बोलता खांद्याला पट्टा अडकवल्यासारखं केलं आणि खाडकन सावधानमध्ये उभ्या राहिल्या.

म्हाताऱ्याने फाटक उघडलं. त्याचं नाव हारी. दोन दिवसांत त्याचा हरीभाऊ झाला.

बोल्ट

बोल्ट निघत नाही. गोळी सुटू नये म्हणून कायद्याप्रमाणे तो वितळवून जागच्या जागी चिकटवलेला, नळीत लोखंडाची खुंटी ठोकलेली, आणि तसा कागद चौकटीत घालून भिंतीवर लावलेला. हरीभाऊच्या बागेतल्या शेडमध्ये, कानशी, पाने आणि ड्रिल यांच्या मधोमध, ती रायफल दोन खुंट्यांवर झोपली होती. हरीभाऊ चाळीस वर्षं दिव्यांच्या कारखान्यात फिटर होता. त्याचं इंग्रजी बाईंच्या इंग्रजीहून अशक्त, त्यामुळे दोघांचं छान जमलं.

त्याने गोष्ट सांगितली. सप्टेंबर १९४४. तो आठ वर्षांचा. इंग्रजांचे रणगाडे गावातून आइंडहोवनकडे निघाले होते. एका जखमी शिपायाला त्याच्या बापाने गोठ्यात, गाईच्या शेजारी निजवलं. शिपायाने पोराला चॉकलेट दिलं आणि रायफलीला बोट लावू दिलं. स्ट्रेचरवाले शिपायाला घेऊन गेले. रायफल गोठ्यात राहिली. ती ही. हे 'ती ही' म्हणताना हरीभाऊ बाईंकडे न बघता रायफलीकडे बघत होता. बाईंनी ते पाहिलं आणि मनात नोंदवून ठेवलं.

मॅगझिन

रिकामं. पण धोका भरलेला होता तो असा.

जर्मनांच्या ताब्यातून गावाच्या मुक्ततेला सत्तर वर्षं झाली म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गावच्या सभागृहात प्रदर्शन भरणार होतं. हेल्मेटं, पाण्याच्या बाटल्या, संगिनी, नकाशे, आणि मधल्या काचेच्या पेटीत हरीभाऊची रायफल. प्रत्येक वस्तू आधी तपासायची जबाबदारी होती योसची. योस म्हणजे गावातल्या संग्राहक मंडळाचा अध्यक्ष. निवृत्त हिशेबतपासनीस, भिंग गळ्यात घालून फिरणारा. त्याने मागच्या वर्षी एका बेकरीवाल्याचं पॅराशूट पडद्याचं कापड ठरवलं होतं. तेव्हापासून लोक त्या बेकरीत पाव मागताना विचारायचे, हा तरी खरा आहे ना?

हरीभाऊच्या बापाने ती गोठ्याची गोष्ट गावच्या कॅफेत मरेपर्यंत सांगितली होती. रायफल खोटी ठरली की बापही खोटा ठरणार होता, तेही मेल्यावर, म्हणजे उत्तर द्यायची सोय नाही.

छाप

एका दुपारी हरीभाऊने बाईंना रायफल पुसायला दिली. हा त्याच्याकडचा मोठा मान होता; त्याच्या सुनेला अजून मिळाला नव्हता. बाईंनी चारुताच्या जुन्या टी-शर्टची चिंदी केली, तेल घेतलं आणि कामाला लागल्या. दस्ता जिथे बारीक होतो, जिथे मूठ बसते, तिथल्या लोखंडावर जुन्या ग्रीसचा थर होता. तो पुसला.

खाली झिजलेला छाप होता. लांबून मुकुट वाटेल असा. बाईंनी मुकुट बरेच पाहिले होते, संस्थानी रायफलींवर. हा मुकुट नव्हता. याला तोंडं होती. समोर एक, डावीकडे एक, उजवीकडे एक. नाणी, नोटा, स्टॅम्प पेपर आणि स्वतःचं नेमणूकपत्र यांवर आयुष्यभर पाहिलेले सिंह बाईंकडे टकामका बघत होते. खाली ईशापूरच्या कारखान्याची तीन अक्षरं, आणि त्याखाली साल: १९५४.

म्हणजे १९४४ सालच्या सप्टेंबरात ही रायफल अजून या जगात यायची होती. तिला बनवणारा कारागीर बहुधा बंगालमध्ये गोट्या खेळत होता.

आणखी एक गोष्ट. त्या पाचाच्या पोटावर बारीक कानस फिरलेली होती. पाचाचा चार करायचा बेत असावा, अर्ध्यावर सोडलेला. काम मात्र सफाईचं. फिटरच्या हाताचं.

बाईंनी ग्रीस परत होतं तसं लावून ठेवलं आणि घरी येऊन चारुताला पिठलं करून वाढलं. चारुताने विचारलं, एवढी गप्प का? तर म्हणाल्या, डिशवॉशर ऐकतोय.

जोडणे

छाप

दुसऱ्या दिवशी त्या हरीभाऊकडे गेल्या आणि टेबलावर भारताची एक रुपया-दोन रुपयांची नाणी ओळीने मांडली. सिंह वर. मग रायफलीकडे बोट केलं.

हरीभाऊने बराच वेळ नाणी पाहिली. मग कॉफी केली. इथले लोक कॉफीबरोबर एकच बिस्कीट देतात आणि डबा बंद करतात; त्या दिवशी त्याने डबा उघडा ठेवला. त्यावरून बाईंना प्रकरणाचं गांभीर्य कळलं.

गोष्ट खरी होती. शिपाई, गोठा, चॉकलेट सगळं. फक्त त्या हिवाळ्यात हरीभाऊच्या आईने भीतीपोटी रायफल कालव्यात फेकली. पुढे कॅफेत लोक बापाला हसायचे: रायफल होती तर दाखव. तो सत्तरीचा झाला तेव्हा हरीभाऊ बेल्जियममधल्या जुन्या बाजारात गेला आणि जी मिळाली ती घेऊन आला. छापाखालचं साल पाहून कानस काढली. पण बाप शेडमध्ये शिरला, म्हणून अर्ध्यावर राहिलं. बापाने रायफल हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाला, "हीच ती."

"त्यांना कळलं नव्हतं?" बाईंनी विचारलं.

"मॅडम लेफ्टनंट," हरीभाऊ म्हणाला, "माझा बाप गाढव नव्हता."

योस शुक्रवारी येणार होता. बाईंनी फोनवर तारीख पाहिली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून सांगलीच्या पोरी पूर्वी रांगेत सरळ उभ्या राहायच्या. शुक्रवारी दसरा होता. पंचांग चाळलं तर खंडेनवमीही त्यालाच लागून.

एक अट मात्र त्यांनी घातली. पाटीवर खोटं लिहायचं नाही. हरीभाऊने लिहिलेल्या पाटीतलं एक वाक्य त्यांनी लाल पेनने उडवलं, पेपर तपासल्यासारखं. उरलं ते एवढं: सप्टेंबर १९४४ मध्ये एका जखमी इंग्रज शिपायाने आमच्या गोठ्यात आपली रायफल ठेवली. यात खोटं कुठे आहे? पेटीतली रायफल कोणाची, हे पाटी सांगतच नव्हती. विचारणाऱ्याने विचारावं.

मॅगझिन

भरणा असा: हळद, कुंकू, अष्टगंध, अक्षता, लाल नाडा, नर्सरीतला झेंडू.

चारुता ऑफिसला निघताना आईने तिच्या लॅपटॉपला आणि सायकलीला कुंकू लावलं. तिथवर ठीक होतं. मग आई म्हणाली, आज दुपारी घरी ये, दुभाष्याचं काम आहे. काम काय ते ऐकून चारुता सायकल धरून तशीच उभी राहिली.

"आई, तू आराम करायला आली होतीस."

"मग करते आहे की. बसूनच पूजा करायची असते."

"आणि हात लावायचा नाही, कुंकू पुसायचं नाही, असा नियम कुठे आहे?"

"आजपासून आहे. घरात मोठी मी आहे."

चारुताने विराजला तैवानला मेसेज केला. उत्तर आलं: आईंना अटक झाली तर माझ्या मीटिंगनंतर होऊ दे.

बोल्ट

योस दोन वाजून शून्य मिनिटांनी आला. शेडमध्ये पाटावर रायफल. शेजारी हरीभाऊच्या कानशी, पाने, ड्रिल, सगळ्यांना टिळे. उदबत्ती. रायफलीच्या त्या बारीक जागेला, जिला बाईंनी मनगट ठरवलं होतं, लाल नाड्याचे एकवीस वेढे. वेढ्यांखाली अष्टगंध आणि हळदीचा असा लेप की सिंहांना श्वास घेणं कठीण. वर झेंडू.

योसने भिंग डोळ्याला लावलं. नळी पाहिली, दस्ता पाहिला, जिभेने टाळ्याला चक् केलं. दस्ता जुन्या पद्धतीचा आहे म्हणाला. चव्वेचाळीसमध्ये बहुतेकांकडे नवी रायफल होती. हरीभाऊ छताकडे बघत राहिला. मग योसचं बोट मनगटाकडे निघालं.

बाईंनी घंटा वाजवली.

चारुताने डोळे मिटून डच भाषेत सांगितलं, की आज आमच्याकडे शस्त्रांचा सण आहे, पूजा झालेल्या शस्त्रावरचा धागा आणि लेप काढत नाहीत, माझी आई सैनिकी शिक्षणातली अधिकारी आहे आणि तिचं म्हणणं आहे की, इथे तिने आईकडे पाहिलं.

"सांग," बाई म्हणाल्या, "की मी हरीभाऊंच्या वडिलांसाठी बांधलाय."

हे एक वाक्य खरं होतं, त्यामुळे चारुताने ते नीट सांगितलं.

योसचं बोट हवेत थांबलं. त्याने हरीभाऊकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग बराच वेळ त्या लेपाकडे. हिशेबतपासनिसाला झाकलेली रक्कम वासावरून कळते, असं म्हणतात. त्याने पाटीचा मजकूर मागितला, दोनदा वाचला, आणि म्हणाला, या वाक्यात चूक काढता येत नाही. मग वहीत एक बरोबरची खूण केली आणि त्याच पेनने लेप दाखवत विचारलं, हा रंग किती दिवस टिकतो?

पट्टा

प्रदर्शनात रायफल पट्ट्यासकट, झेंडूसकट मधल्या पेटीत लागली. गेमेन्टेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी कुमुदिनीबाईंचा पेटीशेजारी फोटो काढला. कॅफेतले म्हातारे आले, टोप्या काढून उभे राहिले आणि हरीभाऊला त्याच्या बापाची गोष्ट पुन्हा सांगायला लावली. त्याने सांगितली. गाय, चॉकलेट, सगळं. 'ती ही' मात्र या वेळी म्हणाला नाही. कोणी विचारलंही नाही. सगळे झेंडूकडे बघत होते.

बाई बाकीच्या पेट्या बघत फिरल्या. एका हेल्मेटाचा पट्टा फारच नवा होता. एका बाटलीचं बूच प्लॅस्टिकचं होतं. पाहुण्यांनी दुसऱ्याच्या घरातली धूळ बोटाने तपासू नये.

उरलेला स्क्रू

रविवारी सकाळी दारावर बेल वाजली. चारुता झोपेतच खाली आली. दारात योस, गळ्यात भिंग नाही, काखेत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी. कुमुदिनी मॅडम आहेत का?

टॉवेलमधून संगीन निघाली. योसच्या स्वतःच्या पेटीतली, प्रदर्शनातली सगळ्यात प्रसिद्ध वस्तू. त्याने ती टेबलावर ठेवली आणि खाली बघत सांगितलं, की ही त्याच्या काकांची, आणि काका फार चांगले गृहस्थ होते, आणि मॅडमनी हिचीही पूजा केली तर मंडळ आभारी राहील. मुठीपाशी. इथे. त्याने नखाने जागा दाखवली, हरभऱ्याच्या डाळीएवढी.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, आणि न घालताच ठेवून दिला.

चारुता खिडकीपाशी होती. ती हळूच म्हणाली, "आई, बाहेर त्याच्या गाडीत अजून दोघं बसलेत. मांडीवर पिशव्या घेऊन."

कुमुदिनीबाईंनी करंड्याचं झाकण उघडून आत किती कुंकू उरलंय ते पाहिलं.

"चारू, त्याला विचार," त्या म्हणाल्या, "जाड लावू की पातळ?"