निळ्या तीर्थात बुडालेला थेंब

"तरंगला! तरंगला!" असा गलका उठला आणि मांडवातली निम्मी माणसं सतरंजीवरून उठून कोपऱ्यातल्या टेबलाकडं धावली.

पुंडलिकनगरच्या आमच्या सप्ताहाचा तो शेवटचा दिवस. काल्याचं कीर्तन, मग महाप्रसाद आणि त्याला जोडून रक्तदान शिबिर, ही आमची रीत. मी रामकिसन, पंचमंडळातला आणि टाळकऱ्यांतला. बुवा अजून चाल धरत होते आणि लोक निघाले होते कुठल्याशा बाटलीकडं! टाळ खाली ठेवून मीही निघालो, पण रागानं.

टेबलामागं बसले होते निळामृत महाराज. सकाळीच कुठूनतरी उगवले होते. कपाळभर भस्म, भगवी शाल, पुढ्यात रुंद तोंडाची काचेची बाटली. आत मोराच्या मानेसारखं निळं पाणी. बाजूला दुसरी बाटली, भगव्या फडक्यात गुंडाळलेली. माणसाच्या बोटाला सुई टोचायची, थेंब निळ्या तीर्थात सोडायचा. बुडाला तर रक्त शुद्ध, तरंगला तर दोष.

बुडत कुणाचाच नव्हता.

"रक्तपेढीवाले काय तपासतात?" महाराज हात नाचवत होते. "एड्स, दोन काविळी, गुप्तरोग, मलेरिया. झाले पाच! नवी मशीन येते, नवी टेस्ट येते, दर वाढतो. पण मशीनला पाप दिसतं का? परक्याची पिशवी चढवली की त्याचं कर्म तुमच्या अंगात! तो सहावा दोष फक्त हे तीर्थ दाखवतं."

"मग पेट्रोलही तपासून द्या, महाराज," मागून कुणीतरी म्हणालं. "गाडी लई धूर सोडती."

हसू फुटलं, पण थोडंच. कारण समोरच्या खुर्चीवर मेघा बसली होती.

मेघा म्हणजे आमच्या शेजारच्या सारजाबाईंची सून. दिवस भरलेले. ओठ पांढरे, तळवे पांढरे, दोन वाक्यं बोलली की धाप. अंगात रक्त फार कमी होतं. छावणीतल्या दवाखान्यात तिला संध्याकाळी भरती करायचं होतं आणि तिच्यासाठी रक्ताची पिशवी जुळवून ठेवली होती. तिचा थेंब तरंगल्यावर महाराजांनी दक्षिणा घेऊन तिच्या डोक्यावरून लिंबू उतरवलं, कानात मंत्र म्हटला, फडक्यातली दुसरी बाटली उघडली आणि पुन्हा बोट टोचलं. थेंब सरळ तळाशी गेला.

"दोष गेला!" महाराज गरजले. "आता पिशवी घेतली तर परत येईल. बाळात उतरेल."

सारजाबाईंनी पदर पसरून नमस्कार केला. मी म्हणालो, "वहिनी, डॉक्टरांना विचारा आधी."

"रामकिसनभाऊ, डोळ्यानं पाह्यलं ना तुमी? बुडाला थेंब! आणखी काय विचारायचं?" त्या मुलाकडं वळल्या. "सुदर्शन, जा, ती पिशवी नगं म्हणून सांग."

सुदर्शन शिबिराच्या टेबलाकडं गेला. ज्या रक्तपेढीत पिशवी ठेवली होती, तिच्याच डॉक्टर करुणाताई आज आमच्या शिबिरावर होत्या. त्यानं मान खाली घालून निरोप सांगितला. ताईंनी हातातलं काम टाकलं आणि तडक मेघाजवळ आल्या. तिची खालची पापणी ओढून पाहिली, नाडी धरली.

"मेघा, बाळंतपणात थोडं जरी जास्त रक्त गेलं ना, तर तुझ्या अंगात सोसायला काही उरलेलं नाही. पिशवी हवीच."

मेघानं पोटावर हात ठेवला. "नको ताई. माझ्यापायी बाळाला दोष नको." भीती तिच्या डोळ्यांत मावत नव्हती. सही तिचीच लागणार होती, आणि ती करणार नव्हती.

करुणाताईंची नजर टेबलावरच्या सुईवर गेली आणि त्यांचा चेहराच बदलला.

"ही सुई एकच आहे?"

"प्रत्येक वेळी भस्मात बुडवून पुसतो," महाराज म्हणाले. "भस्म अग्नीनं पावन झालेलं असतं."

ताईंनी दात आवळले. पण ओरडल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या. "माझंही तपासा. सुई मात्र माझी."

महाराज खुलले. डॉक्टरीणबाई गळाला लागल्या म्हटल्यावर कोण सोडेल! ताईंनी पाकीट फोडून नवी सुई काढली, बोट टोचलं. थेंब निळ्या पाण्यात पडला, जरा खाली गेल्यासारखा झाला आणि वर येऊन तरंगत राहिला.

"दोष! बसा, विधी करतो."

"थांबा. विधीच्या आधी एकदा त्या बाटलीतही बघू." महाराजांचा हात फडक्याकडं जायच्या आत ताईंनी बाटली उचलली आणि त्याच बोटाचा पुढचा थेंब तिच्यात सोडला. थेंब तळाला गेला.

मांडवात बुवांची वीणासुद्धा थांबली.

"मंत्र नाही, लिंबू नाही," ताई म्हणाल्या. "बोट तेच, रक्त तेच. एका बाटलीत पापी आणि दुसऱ्या बाटलीत पुण्यवान? महाराज, पाप माझ्यात आहे की बाटलीत?"

"तुमची श्रद्धा नाही, म्हणून तीर्थ कोपलं!"

"काका, तुमची मोसंबीची बाग आहे ना?" ताई मेघाच्या सासऱ्यांकडं, कडूबांकडं वळल्या. "झाडांवर फवारायला बोर्डो मिश्रण करता, तेव्हा ते कसं तपासता?"

"लोखंड बुडवायचं," कडूबा म्हणाले. "लाल चढलं तर मोरचूद जास्त झालं. मग चुना वाढवायचा."

"हातात काय आहे?"

कडूबांच्या हातात सुपारीचा लोखंडी अडकित्ता होता. त्यांनी त्याचं पातं तीर्थात धरलं. सगळे पुढं वाकले. पातं बाहेर आलं तेव्हा त्याच्यावर तांबूस थर चढला होता.

"आयला!" कडूबा ओरडले. "मोरचूद हाय हे! मी झाडाला मारतो ते ह्यानं माझ्या सुनंच्या पुढं मांडलं व्हय?"

मग ताईंनी सोप्या शब्दांत सांगितलं. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, नेमकं मापून पाण्यात घातलं की रक्तदात्याच्या अंगात पुरेसं रक्त आहे की नाही, ते कळतं. भरलेलं रक्त जड, ते बुडतं. लोह कमी असलं की रक्त हलकं, ते तरंगतं. पूर्वी शिबिरांत हीच निळी बाटली असायची. आता बऱ्याच रक्तपेढ्यांनी खिशात मावणारी यंत्रं घेतली, बाटल्या अडगळीत गेल्या आणि लोक त्या विसरले. ह्यानं एका बाटलीत मोरचूद इतकं घट्ट केलं की पैलवानाचंही रक्त तरंगावं. दुसरीत इतकं पातळ की मेघाचंही बुडावं.

"मेघा, तुझा थेंब दोष गेला म्हणून नाही बुडाला. पाणी पातळ होतं म्हणून बुडाला. तुझं रक्त सकाळइतकंच कमी आहे."

महाराज शाल सावरत उठू लागले. ताईंनी त्यांच्याकडं निरखून पाहिलं. "भस्म पुसलं तर तुम्ही सांडू ना? रक्तपेढ्यांत चढाओढ लागली होती तेव्हा रक्तदात्यांना मिक्सर, बॅगा भेट देऊन शिबिरं जमवून देणारे दलाल?"

पोरांनी सांडूला बसवून ठेवलं आणि पोलिसांना फोन लावला. मारू मात्र कुणाला दिलं नाही. बुवा स्वतः आडवे उभे राहिले.

मेघा हे सगळं पाहत होती. तिनं सासूकडं पाहिलं नाही, नवऱ्याकडंही नाही. "ताई, परक्याचं रक्त... त्यात काहीच येत नाही का?"

"रोग येऊ शकतो. म्हणून तर प्रत्येक पिशवी तपासतो. चाचणी खर्चिक असली तरी ती सोडत नाही. कर्म मात्र येत नाही. येतो तो कुणीतरी ओतलेला जीव."

"लावा पिशवी," मेघा म्हणाली.

रात्री तिला मुलगी झाली. रक्त बरंच गेलं. पिशवी नसती तर, हे वाक्य डॉक्टरांनी पुरं केलं नाही आणि आम्हीही करायला लावलं नाही.

पण गोष्ट इथं संपत नाही. त्या एका सुईनं मांडवातल्या कितीतरी जणांना टोचलं होतं. महाराज ज्या पाच रोगांची टिंगल करत होते, ते अशाच सुईनं पसरतात. करुणाताईंनी सगळ्यांना तपासणीला बोलावलं, आणि काही आठवड्यांनी पुन्हा यायला सांगितलं. कारण ताजी लागण पहिल्या तपासणीत दिसतेच असं नाही. पहिल्या खेपेला कुणात काही निघालं नाही. दुसरीची वाट आम्ही जीव मुठीत धरून पाहतो आहोत.

मी देवाचा माणूस आहे. कीर्तनात डोळे भरून येतात आणि ते पुसायची मला लाज वाटत नाही. म्हणूनच सांगतो, आपला देव बाटलीत बसून कुणाच्या रक्तातलं पाप मोजत नाही. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी एवढंच म्हणा: दुसरी बाटलीही उघडा. खरं असेल ते उघडल्यानं बिघडत नाही.

पहिल्या तपासणीच्या दिवशी सारजाबाई रांगेत सगळ्यांच्या पुढं होत्या. नर्सनं त्यांचा हात धरला तसा त्यांनी तो मागं घेतला.

"थांब गं बाई. सुईचं पाकीट आदी माझ्यापुढं फोड."