शिवणाऱ्या मावशींच्या पाठीतला कैदी

मित्रांनो, मी कांजिण्यांचा एक जुना विषाणू आहे आणि गेली पन्नास वर्षं एकाच खोलीत अडकून पडलो आहे. खोली म्हणजे एका मावशींच्या पाठीच्या कण्याजवळची मज्जातंतूची पेशी. मावशी कपडे शिवतात. त्यांच्या अंगात राहून मलाही शिवणकामाचीच भाषा लागली आहे, तेवढी सांभाळून घ्या.

माझ्याजवळ स्वतःचं असं काय? एक पेपर कटिंग, म्हणजे कापड बेतायचा कागदी नमुना. तोच माझा डीएनए. माझ्यासारखाच दुसरा कसा बनवायचा, एवढंच त्यावर लिहिलेलं. मशीन नाही, दोरा नाही, कापड नाही. म्हणून दुसऱ्याच्या कारखान्यात घुसायचं, हा आमचा पिढीजात धंदा. मावशी सहा वर्षांच्या होत्या तेव्हा मी त्यांच्यात शिरलो. पेशीच्या केंद्रकात तिची स्वतःची कटिंगं जपून ठेवलेली असतात. त्यांच्या शेजारी मी माझं गुपचूप सरकवलं. तिथल्या कारागिरांना काय, समोर येईल ते वाचायचं आणि तसा माल काढायचा. आधी कारखाना ताब्यात घेणारे माझे मुकादम निघाले. मग माझ्या डीएनएच्या प्रती काढणारी अवजारं, आणि सगळ्यात शेवटी प्रती भरायची कवचं. हा क्रम मोडून चालत नाही. कापड बेतायच्या आधी कुणी बटणं लावत नाही. माल तयार झाला, बाहेर पडला आणि पेशी बिचारी कामातून गेली.

मावशींच्या अंगभर फोड उठले. मोठा रुबाब होता माझा. पण पंधरा दिवसांत शरीराच्या पहारेकऱ्यांनी माझ्या भाऊबंदांचा फडशा पाडला. मी मज्जातंतूच्या वाटेने पळालो आणि या खोलीत लपलो. लपलो कसला, सापडलो. इथे माझ्या डीएनएचं वेटोळं करून तो घट्ट गुंडाळून ठेवला गेला. कटिंग शाबूत, पण वाचणारं कुणी नाही. पेशी फुटत नाही, मरत नाही, दारावरचा पहारा हलत नाही. मावशींची शाळा सुटली, लग्न झालं, लेक झाली, यजमान गेले. मी आपला तिथेच.

यंदा लेकीचं बाळंतपण आलं. त्याआधी गिऱ्हाइकांचे शिवायला घेतलेले कपडे देऊन मोकळं व्हावं म्हणून मावशी महिनाभर जेवण-झोप विसरून शिवत बसल्या. पहारेकरी पेंगले, माझं वेटोळं सैल झालं आणि कारागिरांनी पुन्हा मला वाचायला घेतलं. माझ्या नव्या प्रती तंतू धरून कातडीकडे निघाल्या. मावशींच्या डाव्या बरगडीखाली आधी आग झाली, मग पाठीपासून पुढे फोडांचा पट्टा उठला. लोक त्याला नागीण म्हणतात.

मावशींना वाटलं, मशीनच्या फळीची कड लागली. तीन दिवस त्या खोबरेल तेल चोळत राहिल्या. लेक बाळंत झाली होती आणि उद्यावर नात घरी येणार, म्हणून घाईघाईने मलम मागायला दवाखान्यात गेल्या.

डॉक्टरीणबाई वाकून बघत म्हणाल्या, "मावशी, फळीची कड पाठीमागून फिरून येते का? नागीण आहे ही. लेकीला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?"

"छे. शेजारी सगळ्यांना आल्या, तेव्हा मी तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही," मावशी ऐटीत म्हणाल्या.

लस दिली होती का, तर तीही नाही.

"छान जपलंत. आता तिला आणि बाळाला तुमच्यापासून जपायचंय."

मावशींचा चेहरा उतरला. फोडांतल्या पाण्यातून मी लेकीपर्यंत आणि बाळापर्यंत पोचू शकतो आणि त्या दोघींच्या अंगात माझ्याविरुद्ध पहाराच नाही, हे बाईंनी समजावलं. पट्टा झाकायचा आणि खपल्या धरेपर्यंत लेकीला की बाळाला हात लावायचा नाही.

गोळ्याही दिल्या. फार बेरकी गोळ्या! त्यांच्यात डीएनएच्या दुव्यासारखाच दिसणारा एक खोटा दुवा असतो. माझ्या अवजारांनी तो खरा समजून प्रतीत घातला, आणि त्याच्यापुढे टाका पडेना. प्रती अर्ध्यावर थांबल्या.

लेक आली. मावशींनी आपल्या अंगाला लागलेली सगळी कापडं आधीच धुऊन काढली होती. आता त्या शिवणाच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. जावयाने लांबूनच बाळ दाखवलं.

"आई, घे ना गं एकदा," लेक म्हणाली.

मावशींचे हात पुढे झाले. मग त्यांनी ते पदरात गुंडाळून घेतले.

"नको. नाक तुझ्यासारखंच आहे, इथूनही दिसतंय."

नऊ दिवस त्या अशा दारातून बघत होत्या. मित्रांनो, त्या नऊ दिवसांत मी पुरता हरलो. म्हणून माझ्या धंद्याच्या विरुद्ध जाऊन सांगतो: अंगावर असा पट्टा दिसला तर फळीला दोष देत बसू नका, लगेच दाखवा. लस चुकवू नका. आणि ज्यांना जपायचं आहे, त्यांच्यापासून थोडे दिवस लांब राहायला लाजू नका.

दहाव्या दिवशी सगळ्या खपल्या सुकलेल्या बघून बाईंनी परवानगी दिली. आता मावशी मांडीवर नातीला घेऊन बसल्या आहेत. ती पाय झाडते आहे, तिची टाच मावशींच्या डाव्या कुशीला लागते आहे. माझी खोली तिथून वीतभर आत. पहारा पुन्हा बसला आहे. मला तिचं हसणं ऐकू येतं.