इटलीची पाटी, सब्तिय्याचं यंत्र

तुम्ही खोटं लिहिलंत. बोलताना माणसाच्या तोंडून चुकून निघून जातं तसलं खोटं नव्हे. सही करून, शिक्का मारून, तीन प्रतींत लिहिलेलं खोटं. आणि ज्या तपासनिसाने ते लिहिलं त्याला तुम्ही साधी समज दिली नाहीत, उलट बढती देऊन वरच्या मजल्यावर खोली दिलीत. त्याचं नाव मी इथे घेत नाही. ते तुमच्याच कागदांवर आहे. आपले कागद वाचायची सवय असेल तर वाचा.

मी उस्ता फिक्री. कैरोत सब्तिय्याच्या लोखंडबाजारात, बेअरिंगवाल्यांच्या गल्लीच्या टोकाला माझं वर्कशॉप आहे. चौतीस वर्षं लेथवर उभा आहे. विद्यापीठात मी एकदाच गेलोय, तिथला पाण्याचा पंप दुरुस्त करायला. म्हणून तुमच्या यादीत मी इंजिनियर नाही. कारागीर म्हणा, उस्ता म्हणा, मला त्याची लाज नाही.

तांता शहरात डॉक्टर विदाद यांचा औषधांचा लहानसा कारखाना आहे. त्या लहान मुलांच्या फेफऱ्याच्या झटक्यांवरचं पातळ औषध बनवतात, शंभर मिलीच्या काचेच्या बाटलीत. मोठ्या कारखान्यांनी ते औषध केव्हाच सोडून दिलं, कारण त्याचा भाव तुम्ही बांधून दिलाय आणि त्या भावात त्यांना रस नाही. बाईंनी सोडलं नाही. त्यांच्याकडे सहा बायका बाटल्या भरायच्या आणि हाताने झाकणं आवळायच्या. एके दिवशी तुमच्या औषध खात्याची नोटीस आली: हाताने झाकण लावणं बंद करा, नव्वद दिवसांत यंत्र बसवा, नाहीतर कारखान्याला टाळं.

नोटीस बरोबर होती, हे मी उघड सांगतो. त्या बायकांचे तळवे मी पाहिले होते. शिवाय हाताने लावलेलं झाकण कधी सैल बसतं, कधी चिरतं. त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. माझं भांडण पुढचं आहे.

डॉक्टरबाई रिकाम्या बाटल्यांचा क्रेट घेऊन वर्कशॉपात आल्या आणि स्टुलावरचा लोखंडाचा कीस झाडून बसल्या.

"उस्ता, बाहेरचं यंत्र घ्यायचं तर मला कारखान्याची इमारत विकावी लागेल. मग यंत्र ठेवू कुठे?"

"छत्री लावून देऊ, डॉक्टरबाई," बुशरा म्हणाला. बुशरा माझा टर्नर. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, आणि जीभ त्याच्याहून मोठी.

"तू गप. आणि जुनं घ्या म्हणाल तर तेही करून बसलेय. अलेक्झांड्रियाच्या बंदरातून एक आणलं होतं. दर सातवी बाटली फोडायचं."

ते का फोडायचं हे कळायला मला एक सकाळ पुरली. क्रेटमधल्या चाळीस बाटल्या टेबलावर रांगेत उभ्या केल्या आणि मापल्या. एकीची मान उंच, दुसरीची बुटकी, तिसरी जराशी तिरकी. परदेशी यंत्राला बाटल्या पलटणीतल्या शिपायांसारख्या लागतात. आमच्या बाटल्या लग्नाला आलेल्या पाहुण्यांसारख्या. कुणी लंगडतंय, कुणी ढेरपोट्या, पण जेवायला सगळ्यांनाच बसवायचंय.

म्हणून मी बाटल्यांना यंत्राच्या मापात बसवायच्या भानगडीत पडलो नाही. झाकण आवळणारं डोकं स्प्रिंगवर टांगलं. बाटली उंच असली की ते वर सरकतं, बुटकी असली की खाली येतं. ठरलेल्या जोरापुढे गेलं की आतली चकती घसरते, काचेला धक्का लागत नाही. औषध भरायला चार पिस्टन, चार नळ्या. नळी बाटलीच्या तळापर्यंत जाते आणि औषध चढेल तशी वर येते, म्हणजे फेस होत नाही. यात एकही महागडा इलेक्ट्रॉनिक भाग नाही. सगळं एका मोटारीवर आणि एका कॅमवर, म्हणजे नळ्या वरखाली करणाऱ्या उंचवट्याच्या चाकावर चालतं. तो कॅम मी अकरा वेळा कानशीने घासला. दहाव्या वेळेला बुशरा म्हणाला, "उस्ता, बायकोचा राग लोखंडावर काढतोयस का?" अकराव्या वेळी बाटलीबाहेर एक थेंबसुद्धा सांडला नाही.

यंत्राला हिरवा रंग दिला, पुढे पितळेची पाटी ठोकली: उस्ता फिक्री, सब्तिय्या, कैरो. बाहेरच्या यंत्राच्या दहाव्या हिश्शात काम झालं होतं. तांत्याला बसवलं तेव्हा बायका बाटल्यांच्या फिरत्या पट्ट्याभोवती गोळा झाल्या. एकजण म्हणाली, "अगं, हे तर माझ्या सासूपेक्षा नीट झाकण लावतंय!"

एकाहत्तराव्या दिवशी तुमचे तपासनीस आले. यंत्र उभं होतं, बाटल्या भरून ठेवल्या होत्या, नुसतं बटण दाबायचं होतं. त्यांनी चष्मा लावून पाटी वाचली.

"बनावट कुठली?"

"सब्तिय्याची, साहेब."

"देश विचारतोय मी."

"सब्तिय्या अजून तरी इजिप्तमध्येच आहे," बुशरा म्हणाला.

"परदेशी प्रमाणपत्राचा क्रमांक?"

"नाही साहेब. यंत्र इथलंच आहे ना."

"मग या रकान्यात मी काय लिहू?"

"लिहा की चालवून बघितलं. शंभर बाटल्या भरतो तुमच्यासमोर, मोजून घ्या."

"चालवून बघायला फॉर्मात रकाना नाही, उस्ता."

त्यांनी चहा घेतला. चहा छान झालाय म्हणाले. आणि कागदावर लिहिलं: वर्कशॉपी काम, अचूकतेवर विश्वास ठेवता येत नाही, अमान्य. मोटार सुरूसुद्धा केली नव्हती. ज्या माणसाने डेगचीचं झाकण उचललं नाही तो आतले वाल कच्चे आहेत म्हणून सांगत होता!

त्यांची गाडी गेल्यावर डॉक्टरबाईंनी चहाचे कप उचलले. मग म्हणाल्या, "उस्ता, पाटी काढा."

"कुठली पाटी?"

"तुमच्या नावाची. त्या जागी बाहेरची लावा."

"त्यापेक्षा यंत्रावर घण घालतो."

"घाला. मग एकोणीस दिवसांनी गेटवर तुम्हीच उभे राहा. बाटली मागायला ज्या आया येतील त्यांना सांगा, पोराला झटके येताहेत तर येऊ द्या, इथे उस्ताच्या नावाचा प्रश्न आहे."

यावर तुमच्याकडे उत्तर आहे का?

आमच्या सब्तिय्यात ही काही नवी गोष्ट नाही. इथल्या अर्ध्या यंत्रांना परदेशी बाप चिकटवलेला असतो, कारण गिऱ्हाईक आईचं नाव ऐकून घ्यायला तयार नसतं. पाट्या कोरणारा हाज बय्यूमी माझ्यापासून चार दुकानं पलीकडे बसतो.

"कुठला देश देऊ?" त्याने विचारलं. "जर्मनी जरा महाग पडेल, अक्षरं खोल कोरावी लागतात. तू इटली घे. रंगसुद्धा मलईसारखा दे, हिरवा नको."

"आणि चीन?" बुशराने विचारलं.

"चीन मी चहाबरोबर फुकट देतो. नाव काय घालू?" त्याने क्षणभर डोळे मिटले. "ताल्वेरी आणि पुत्र, मिलानो."

"पुत्र कशाला, हाज?"

"घराणं जुनं वाटतं रे. आता एक लांबलचक नंबर हवा." आणि त्याने स्वतःच्या दुकानाचा टेलिफोन नंबर कोरला, कारण तेवढा एकच त्याला पाठ होता.

माझी पाटी मी माझ्या हाताने काढली. यंत्राला मलई रंग मारला. याखेरीज एक स्क्रूही बदलला नाही, हे नीट लक्षात घ्या. तोच कॅम, त्याच स्प्रिंगा, त्याच चार नळ्या.

चौऱ्याऐंशीव्या दिवशी तेच तपासनीस, तोच चष्मा. मला त्यांनी ओळखलं. "तू इथे अजून? देखभालीला ठेवलंय वाटतं?" मी मान हलवली. या वेळी त्यांना यंत्र चालवून बघायचं होतं! त्याच फॉर्मावर, जिथे त्याला रकाना नव्हता. दोनशे बाटल्या भरल्या. त्यांनी एकेक उजेडात धरून पाहिली, झाकणं पिळून पाहिली. मग खाली वाकून स्प्रिंगवर टांगलेलं डोकं बघत राहिले. भक्त देवाकडे बघतो तसे.

"बघ उस्ता, हे बघ. उंच बाटली आली तर कसं सरकतं! याला म्हणतात डिझाइन. तुम्हा लोकांना हे जमायला शंभर वर्षं लागतील."

"खरंय साहेब," मी म्हणालो. माझ्याच स्प्रिंगसमोर उभं राहून मी असं म्हणालो.

"आणि याला तुझे तेलकट हात लावू नकोस. काही बिघडलं तर कंपनीला कळवायचं."

प्रमाणपत्राच्या रकान्यात त्यांनी पाटीवरचा नंबर उतरवून घेतला. म्हणजे तुमच्या सरकारी दप्तरात आज हाज बय्यूमीच्या दुकानाचा फोन नंबर परदेशी प्रमाणपत्र म्हणून नोंदलेला आहे. बुशराला खोकल्याची उबळ आली म्हणून तो बाहेर पळाला. शेरा लिहिला गेला: अचूकता उत्कृष्ट, मान्य.

त्या दुपारी डॉक्टरबाईंनी सगळ्यांना बसबूसा, रव्याची मिठाई, वाटला. बायका नाचल्या. माझा तुकडा मी बुशराला देऊन टाकला.

सात महिने यंत्र चाललं. सात महिने मी गप्प राहिलो. यात माझाही वाटा आहे, मी तो लपवत नाही. औषध बाहेर जातंय ना, मग नाव गेलं खड्ड्यात, अशी मी मनाची समजूत घातली होती.

मग झगाझिगहून शाकिर नावाचे एक कारखानदार तांत्याला आले. मी तेव्हा यंत्राला ग्रीस घालत होतो. त्यांच्या हातात तुमचं पत्र होतं. त्यांनाही नोटीस आली होती आणि कुठलं यंत्र घेऊ असं त्यांनी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही लिहिलं होतं: ताल्वेरी किंवा त्या दर्जाचं.

"डॉक्टर, या ताल्वेरींचा इथला एजंट कोण? मिलानला फोन करायचा तर नंबर द्या."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी फडक्याला हात पुसले.

"मीच ताल्वेरी," मी म्हणालो. "आणि हा बुशरा, हा पुत्र."

"सलाम, बाबा," बुशरा म्हणाला.

शाकिरसाहेबांना सगळं सांगितलं. मला वाटलं ते हसतील, नाहीतर चिडतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. यंत्राभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "छान. मलाही एक करून द्या. पण ही पाटी हवीच हं. पाटीशिवाय याचा मला उपयोग काय?"

त्यांच्यावर राग धरून काय करू? ते शहाणे आहेत, तुम्हाला ओळखून आहेत. पण त्या वाक्याचा हिशेब करून बघा. म्हणजे उद्या दहा कारखान्यांत माझं यंत्र चालेल आणि दहाही ठिकाणी ते इटलीचं असेल. ती स्प्रिंग तीनेक वर्षांनी थकणार, मी बनवलीय म्हणून मला माहीत आहे. तेव्हा झगाझिगचा फिटर कुणाला विचारणार? मिलानमधल्या भुताला? आणि सैल झाकणाची बाटली कुणाच्या पोराच्या हातात जाणार?

हे मी बोलून दाखवलं तेव्हा डॉक्टरबाई उठल्या आणि कपाटातून स्क्रूड्रायव्हर घेऊन आल्या. तो त्यांनी माझ्या हातात दिला.

"औषधाच्या बाटलीवर मी खोटं नाव लिहिलं तर मला तुरुंग होतो, उस्ता. यंत्रावर लिहिलं तर मला शाबासकी मिळाली. काढा ते."

"डॉक्टरबाई, परवाना तुमचा जाईल. माझं काय, मी उद्या दुसरं काम घेईन."

"माहीत आहे. म्हणूनच म्हणतेय. मीच लावायला सांगितली होती, मीच काढायला सांगतेय. टाळं लावायचंच असेल तर यंत्र चालू असताना येऊन लावू देत."

त्याच दुपारी पाटी बदलली. शाकिरसाहेब तिथेच होते. जाताना म्हणाले, "वेडे आहात दोघंही." पण इथल्या बनावटीच्या यंत्रासाठी फॉर्म कसा भरायचा ते विचारून गेले.

दुसऱ्या दिवशी दोन्ही अहवालांच्या नकला, यंत्राचे आधीचे आणि नंतरचे फोटो आणि आम्हा दोघांचा सह्यांनिशी कबुलीजबाब रजिस्टर पोस्टाने तुम्हाला पाठवला. फसवणूक आम्ही केली, ते लिहून दिलंय. त्याची शिक्षा द्या, मी तारखेला हजर राहतो. पाच आठवडे झाले. पोचपावती आली, शिक्क्यासकट. त्यापलीकडे एक अक्षर नाही. तुमच्या कचेरीत तीनदा जाऊन आलो. पहिल्या खिडकीने दुसरीकडे धाडलं, दुसरीने तिसरीकडे, आणि तिसरीवरचा माणूस हळूच म्हणाला, "उस्ता, यंत्र चालतंय ना? मग कशाला खाजवतोस?"

मी खाजवतोय, कारण तांत्यातल्या सहा बायका रोज सकाळी गेटजवळ आल्या की आधी टाळं बघतात. कारण झटके येणाऱ्या पोरांचं औषध तुमच्या मौनावर टांगून ठेवता येत नाही. आणि कारण ते यंत्र मी केलंय.

ते तिथे उभं आहे. माणूस पाठवा, इंजिनियर पाठवा, हवं तर खरा इटालियन बोलवा. हजार बाटल्या भरा, मापा, झाकणं पिळा. एकही सैल निघालं तर मी स्वतः ते भंगारात घालतो. पण नंतर तुमच्या सहीनिशी, शिक्क्यानिशी एका प्रश्नाचं उत्तर द्या: उस्ता फिक्री, सब्तिय्या, कैरो या नावाने हे यंत्र चालेल की नाही?

हो की नाही?