वेलिच्काचे बारा अहवाल

"मेतोदीकाका, आज सकाळपासून कुठलं औषध घेतलंत?"

"एकही नाही, पोरी."

वेलिच्का साठीची, पण ऐंशीच्या मेतोदीला पोरच. जिना चढून ती धापा टाकत होती. डॅन्यूबकाठच्या त्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तिची चौतीस वर्षं गेली होती, वॉर्डात ती सहसा फिरकत नसे. पण आज स्वतः सही करून पाठवलेला अहवाल तिच्या मनातून जाईना. मूत्रपिंडं थकली की रक्तात चढणारं क्रिएटिनिन मेतोदीचं परवा एकशे अडुसष्ट, आज एकेचाळीस. दोन दिवसांत कुणाची मूत्रपिंडं अशी ठणठणीत होतात? आणि त्याच आकड्याच्या भरवशावर अकरा वाजता स्कॅनसाठी त्याच्या शिरेत औषध सोडणार होते. आजारी मूत्रपिंडांना ते सोसलं नसतं.

"अ‍ॅनाल्जिनसुद्धा नाही?"

"घ्या! अ‍ॅनाल्जिनला कुणी औषध म्हणतं का?" मेतोदी हसला. "कंबर धरली होती, म्हणून दोन्काबाईंनी सलाइनमधून दिलं."

"दिलं आणि लगेच रक्त काढलं," नर्स दोन्का म्हणाली. "तपासणीच्या अर्जावर त्याचं काय लिहायचं, ताई?"

तिच्यावर चिडणार तरी कसं? अ‍ॅनाल्जिनचं पाकीट वेलिच्काच्याही खिशात होतं. पण ते रक्तात असलं की यंत्राच्या रसायनात लुडबुड करतं आणि आकडा खाली ओढतं, हे तिनं वाचलेलं होतं. माहीत असून आपण विचारलं नाही, याची तिला मनापासून लाज वाटली.

"आधी स्कॅन थांबवा," तिनं डॉक्टर किर्चेव्हना गाठून सांगितलं. "आणि माझे आठवड्याभराचे अहवाल मी मागे घेतेय. सलाइनवाल्या सगळ्यांचे, त्यातून कुणाकुणाला अ‍ॅनाल्जिन गेलंय कुणास ठाऊक. बारा आहेत."

स्कॅन त्यांनी तिथल्या तिथे फोन करून थांबवलं. मग आवाज खाली आणला. "ताई, शुक्रवारी तुमचा निरोप समारंभ. 'चौतीस वर्षांत एकही अहवाल मागे आला नाही,' असं भाषणात लिहून बसलोय मी. गुपचूप परत तपासा, कागद बदलू. कुणाला कळणार आहे?"

"मला."

दिवसभर ती खाटेखाटेपाशी गेली. प्रत्येक कागदावर लाल रेघ, खाली 'रद्द' आणि आपली सही. संध्याकाळी मेतोदीच्या दुसऱ्या हाताचं रक्त तिनं स्वतः काढलं. एकशे चौऱ्याहत्तर.

शुक्रवारी प्रयोगशाळेत चीज भरून भाजलेल्या बानित्साचं ताट गरम होतं. दोन्कानं छापून आणलेला नवा अर्ज भिंतीवर लागला होता. त्यात पहिलाच प्रश्न अ‍ॅनाल्जिनचा.

किर्चेव्ह वाचू लागले. "चौतीस वर्षांत एकही अहवाल–"

"बारा," वेलिच्का म्हणाली.

दारात सलाइनचा स्टँड धरून उभा असलेला मेतोदी खणखणीत आवाजात म्हणाला, "त्यातला एक माझा!"

किर्चेव्हनी पेन काढलं, ओळ खोडली, वर 'बारा' लिहिलं आणि पुन्हा वाचलं, या वेळी मोठ्यानं. वेलिच्कानं एप्रनचं वरचं बटण लावलं आणि ताठ मानेनं ऐकलं.