आत्याचं डाउनलोडचं बटण

आत्याने भाच्यामागे एका बटणासाठी किती टुमणं लावलं होतं, ते तिचं तिलाच माहीत. रक्तदात्यांची नावनोंदणी करणारी वेबसाइट त्यानेच तिला पीएचपी या संगणकभाषेत बांधून दिली होती. पण ॲडमिन पॅनेलमध्ये एका पानावर वीसच नावं दिसत आणि कॉम्प्युटर एकच. दवाखान्यातून निरोप आला की आत्या पानं उलटत फोन लावायची आणि तिच्या तीन मैत्रिणी बाजूला बसून तिचा घसा कधी बसतो याची वाट पाहायच्या.

"सगळी यादी एकदम उतरवून घेता येईल असं काहीतरी कर की रे," आत्या म्हणायची.

"करतो, आत्या," तो म्हणायचा. हे 'करतो' ऐकून ऐकून तिचे कान किटले होते.

शेवटी एका रविवारी त्याने मनावर घेतलं. पॅनेलमध्ये डाउनलोडचं बटण आलं. त्याने उतरवलेली फाईल आपल्या कोड लिहायच्या एडिटरमध्ये उघडून पाहिली, सगळं जागच्या जागी होतं, स्वारी खूश. आत्याने लगेच ती चौघींच्या फोनवर पाठवून दिली.

त्याच आठवड्यात त्याची बायको बाळंत झाली. मुलगी झाली, पण रक्तस्राव थांबेना. गट दुर्मीळ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन पिशव्या लागतील, आणि लवकर." त्याने आत्याला फोन लावला.

थोड्या वेळाने आत्याचाच फोन आला. "अरे, एकही नंबर लागत नाही! सगळे एकदम गेले कुठे मेले?"

दवाखान्याच्या जिन्यात बसून त्याने तीच फाईल आपल्या फोनवर उघडली. दात्यांमध्ये त्याचंही नाव होतं. नोंदणीत सगळ्यांचे घरचे नाहीतर कामावरचे लँडलाइन नंबर, शहराच्या कोडसकट, घेतले होते. त्याने स्वतःचा नंबर पाहिला. सुरुवातीचं शून्य गायब! त्याच्या कोडने ते बरोबर लिहिलं होतं. पण स्प्रेडशीटला फोन नंबर म्हणजे साधा आकडा वाटतो, आणि आकड्याच्या सुरुवातीचं शून्य ते उडवून टाकतं. आत्या आणि मैत्रिणी फाईल स्प्रेडशीटमध्येच उघडणार, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आत्या, प्रत्येक नंबराआधी शून्य लाव!"

"आणि ते शून्य खाल्लं कोणी?"

"मीच."

"पोट भरलं ना? मग ठेव फोन."

चौघी एकदम फोनला भिडल्या. फाईलमध्ये नावं रक्तगटाप्रमाणे लावता येत होती, त्यामुळे शोधाशोध नव्हती. आधी गणवेशातला एक बसचालक धापा टाकत आला आणि त्याच्यामागून बाह्यांवर पीठ घेऊन एक बेकरीवाला. दोघांनी रक्त दिलं. भाचा हात जोडून उभा राहिला. "राहू द्या हो, ड्यूटी चुकेल माझी," म्हणत बसचालक निघूनही गेला. संध्याकाळी बायकोने डोळे उघडले, मुलीकडे पाहिलं आणि विचारलं, "हिचं नाक तुमच्या आत्यासारखं आहे का हो?" तो हसता हसता रडला.

मायलेकी घरी आल्यावर त्याने आधी ते शून्य पक्कं केलं आणि फाईल चारही फोनवर उघडून पाहिली. मग आभार मानायला बेकरीवाल्याला फोन केला.

"आभार कसले?" बेकरीवाला म्हणाला. "नाव नोंदवून तीन वर्षं झाली, कधी बोलावणंच नाही. मला वाटलं, आपलं रक्त कुणाला नकोच आहे. त्या दिवशी फोन आला, बरं वाटलं बघा."

त्याने पॅनेल उघडलं. बेकरीवाल्याचं नाव अगदी शेवटच्या पानावर होतं. पानं उलटत आत्या तिथवर कधी पोचलीच नसती.

त्याने लगेच आत्याला फोन लावला. "आत्या, तू टुमणं लावलंस म्हणून आज माझं घर भरलेलं आहे. तुझे उपकार फिटायचे नाहीत."

पलीकडून आत्याने नाक पुसल्याचा आवाज आला.

"फेडू नकोस," ती म्हणाली. "त्या फाईलमध्ये शेवटच्या पानावरची माणसं आधी येतील असं कर."

"करतो, आत्या," तो म्हणाला, आणि मांडीवरची मुलगी सांभाळत एका हाताने लगेच टाइप करायला लागला.